न मागितलेली मुदतवाढ

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
२१ जानेवारी २००७

ती. स्व. दादा,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. सहा पानं! त्यातली साडेपाच ड्रायव्हिंग लायसन्सवर, आणि उरलेल्या अर्ध्यात वहिनीचा गुडघा, माझी चौकशी आणि आशीर्वाद, सगळं कोंबलेलं. फोनवर तब्येती विचाराव्यात आणि मनातलं कागदावर लिहावं, हा आईचा नियम आपण अमेरिकेत येऊनही पाळला. पण तिला हे लायसन्स-पुराण अभिप्रेत होतं का, याची मला शंका आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, मला त्या रिअल आयडीचा राग येत नाही. वॉशिंग्टनने कायदा केला की सगळ्या राज्यांनी लायसन्स एकाच पद्धतीने तपासून द्यायचं, माहितीचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे, आणि जे राज्य ऐकणार नाही त्याचं लायसन्स विमानतळावर चालणार नाही. बरं मग? त्या सप्टेंबरच्या सकाळी मी ऑफिसच्या खिडकीतून पेंटागॉनचा धूर पाहिलाय. ते करणाऱ्यांपैकी काहींच्या खिशात आमच्याच व्हर्जिनियाची ओळखपत्रं होती. विमानात कोण बसतंय हे कुणीतरी नीट बघावं, आणि ते बघणारं कुणीतरी एकच असावं, असं मला वाटतं.

तुला मुळात केंद्र या शब्दाचंच वावडं. छप्पन्न साली पुण्यात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात ओरडून घसा बसवून घेतलास, तो अजून पुरता सुटलेला नाही. गुळण्यांना हळद-मिठाचं पाणी मीच आणून देत होते, तेरा वर्षांची होते तरी आठवतंय. आणि हे बघ, तुमच्या न्यू हॅम्पशायरमध्ये मोठ्या माणसाने गाडीत पट्टा बांधायचा कायदासुद्धा नाही. तरी तू बांधतोस. का? वहिनीच्या धाकाने. तुझ्या घरात केंद्र सरकार भक्कम आहे आणि बहात्तराव्या वर्षी तू धडधाकट आहेस तो त्यामुळेच.

सावनीचा सिॲटलहून फोन होता. बोलता बोलता अनय नावाच्या मुलाचा तीनदा उल्लेख झाला. मी काही विचारलं नाही. तूही विचारू नकोस, म्हणजे तुलाच आधी सांगेल. मामा-भाचीचं गूळपीठ मला माहीत आहे.

तुझी,
लता


नॅशुआ, न्यू हॅम्पशायर
२५ फेब्रुवारी २००७

चि. लते,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीला केंद्र सरकार म्हणालीस ते मी मोठ्याने वाचून दाखवलं. केंद्र सरकार खूश आहे.

आता मोठी बातमी. तुझ्या दादाने साक्ष दिली! आपल्या राज्याने रिअल आयडीला नकार द्यावा असं विधेयक आमच्या राजधानीत, कॉंकर्डच्या असेंब्लीत आलंय. इथे चारशे मेंबर आहेत, आणि कमिटीपुढे कुणीही उठून बोलू शकतो. ओळख नको, वशिला नको. मोतीबिंदूमुळे मी लांबवर ड्राइव्ह करत नाही, म्हणून श्रूजबरीच्या उल्हासला धरलं. तो नागपूरचा. बर्फातून गाडी हाकत रस्ताभर वेगळ्या विदर्भावर बोलला. शेवटी म्हटलं, "अरे बाबा, आज न्यू हॅम्पशायरपुरतं बोलू." तर म्हणतो, "राजाभाऊ, तुम्ही दिल्लीला जे म्हणता ना, तेच आम्ही मुंबईला म्हणतो यार." तेवढ्यात कॉंकर्ड आलं.

मी म्हणालो, आमच्या मोटार खात्याच्या खिडकीवर लिंडा बसते. माझ्या लायसन्सवर जन्मतारीख चुकली होती. मी गेलो, तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि दुरुस्त करून दिली. उद्या हीच चूक वॉशिंग्टनच्या मशीनमध्ये झाली तर मी कुणाच्या खिडकीवर जाऊ? सरकार हाताच्या अंतरावर असावं, म्हणजे ते चुकलं तर त्याचा हात धरता येतो.

चांगलं बोललो, पण दोघं-तिघं घड्याळाकडे बघत होते. माझ्याआधी पुष्कळजण तेच बोलून गेले होते. मग मला गिरीशराव गेले त्या वेळचं आठवलं. मी सांगितलं: माझ्या बहिणीने केंद्र सरकारच्या एका खात्यात पंचवीस वर्षं काम केलं. तिचे यजमान गेले, तेव्हा खात्याचं सांत्वनपत्र आलं, तेही यजमानांच्याच नावे. आपल्या पत्नीच्या निधनाबद्दल आम्हाला अतीव दुःख आहे. जिथे तिने आयुष्य घातलं तिथल्या मशीनने जिवंत बहीण मारली आणि गेलेल्या माणसाचं सांत्वन केलं.

आधी हसू फुटलं. मग कमिटीतल्या एका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. लते, तिथेच बाजी मारली असं वाटलं मला. इथल्या पेपरात आलंय, माझ्या फोटोसकट. कात्रण सोबत ठेवतो. वाचून तुलाही बरं वाटेल.

तुझा,
दादा


अ‍ॅशबर्न
५ मार्च २००७

श्री. राजाराम यांस,
नमस्कार.

कात्रण मिळालं. फोटो चांगला आलाय.

ते सांत्वनपत्र आलं त्या दिवशी तू माझ्या स्वयंपाकघरात होतास. मी तुला ते वाचून दाखवलं. आपण दोघं हसलो, हसता हसता मला रडू फुटलं, आणि दूध उतू जात होतं म्हणून तू उठून गॅस बंद केलास. ती गोष्ट मी सावनीलासुद्धा सांगितली नव्हती. तिच्या बाबांबद्दल होती, म्हणून. आता तिने ती इंटरनेटवर वाचली आणि मला फोन करून विचारलं, "आई, इज धिस ट्रू?"

आणि तीही तू अर्धीच सांगितलीस. त्याच ऑफिसातून डोरथी आली होती. तेरा दिवस रोज संध्याकाळी येऊन माझ्याशेजारी बसायची. हाताने पिठलं-भात खायची, मी बोलले नाही तर तीही बोलायची नाही. ते का नाही सांगितलंस? त्याने बाजी मारता आली नसती म्हणून?

सरकार न विचारता माझ्या खिशात हात घालतं, अशी तुझी तक्रार आहे. दादा, तू काय केलंस?

"चुकलं" एवढा एक शब्द लिहिशील तेव्हा मी उत्तर लिहीन.

लतिका


नॅशुआ
३ जुलै २००७

चि. लते,
आशीर्वाद.

तू उत्तर देणार नाहीस हे ठाऊक आहे. फोनवर वहिनीशी बोलतेस आणि मी हात पुढे करायच्या आत ठेवतेस, तेही कळतं. तरी लिहितो.

विधेयकाचा कायदा झाला. गव्हर्नरांनी गेल्या आठवड्यात सही केली. आता आमचं राज्य रिअल आयडीत भाग घेणार नाही. उल्हासने पेढे आणले.

टोमॅटो यंदा उशिरा लागले, पण लागलेत. तुझ्या वहिनीने मेतकूट केलंय, तुला पाठवायचं म्हणते. कमिटीपुढे मी एक अक्षरही खोटं बोललो नाही. पाऊस बरा आहे.

दादा


अ‍ॅशबर्न
१२ नोव्हेंबर २००७

ती. स्व. दादा,
सा. न.

हे उत्तर नाही, आमंत्रण आहे. माझी अट जिथल्या तिथे आहे.

सावनीचं लग्न ठरलं. मुलगा अनयच. (तुला आधीच माहीत होतं, हे मला कळलंय.) १७ मे, शनिवार, सिॲटल. गुरुजींना मुहूर्त विचारला तर त्यांनी आधी हॉल कधी रिकामा आहे ते विचारलं. दोघांची नोकरी, मित्रमंडळी सगळी तिथे, म्हणून लग्नही तिथेच. साग्रसंगीत करायचंय म्हणते. अंतरपाट, मंगलाष्टका, सगळं. आणि मंडपात मामाच घेऊन जाणार, हे तिने मला दोनदा बजावलं. वडील नाहीत, दादा. मामाही नसला तर त्या पोरीच्या पाठीशी कोण उभं राहील?

आता दुसरं. मार्चपासून लिहायचं राहिलंय ते लिहिते, नाहीतर मला झोप लागायची नाही. डोरथी व्हर्जिनियातल्या ज्या काउंटीत वाढली, तिथे काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र बसवा असा कोर्टाचा हुकूम आला. काउंटीने काय केलं? सगळ्या सरकारी शाळांना कुलूप ठोकलं. राज्याचा हक्क आहे, आमचं आम्ही बघू, वॉशिंग्टनने सांगायचं काम नाही, असं म्हणून. पाच वर्षं. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाल्या. डोरथी दहा वर्षांची होती. ती आजीबरोबर लोकांचे कपडे धुवायला जायची. शेवटी कुलूप निघालं ते वॉशिंग्टनच्या कोर्टामुळे. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि पाचवीच्या बाकावर जाऊन बसली.

कुलूप लावणारे सगळे तिथलेच होते, दादा, तुझ्या भाषेत हाताच्या अंतरावरचे. डोरथीला तोंडाने ओळखणारे. ओळखत होते म्हणूनच तर.

म्हणून राज्याचा हक्क म्हटलं की तुला तुझा मोर्चा दिसतो आणि मला ते कुलूप दिसतं. डोरथी लग्नाला येणार आहे. तिच्यासमोर येण्याआधी तो एक शब्द लिही.

तुझी,
लता


नॅशुआ
१९ जानेवारी २००८

चि. लते,
आशीर्वाद.

सावनीचं वाचून तुझी वहिनी रडली आणि मी शेंगदाणे भाजायला घेतले. ते करपले. इतका आनंद झाला.

डोरथीचं वाचून मात्र बरेच दिवस काही लिहवलं नाही. तुझं म्हणणं मला पटलं नाही असं नाही. मुलांच्या तोंडावर शाळेचं दार लावलं तर ते उघडायला कुणीतरी वरचा हवाच. पण दार उघडणारा हात तो, आणि प्रत्येकाच्या खिशातलं कार्ड तपासणारा हातही तोच, हे मला झेपत नाही. दिल्लीने मुंबईचं काय करायचं ते आम्हाला न विचारता ठरवलं होतं, ते मी पाहिलंय. एकदा चांगल्या कामासाठी हात लांब केला की तो आखडता घ्यायची सवय कुठल्याच सरकारला नसते.

आता अडचण सांगतो. गेल्या आठवड्यात वॉशिंग्टनने जाहीर केलं की ज्या राज्याने रिअल आयडी मानलं नाही आणि मुदतवाढही मागितली नाही, त्याचं लायसन्स ११ मेपासून विमानतळावर चालणार नाही. आमचं राज्य मागणार नाही. लग्न १७ मेला. म्हणजे मी लायसन्स दाखवलं तर मला परत पाठवतील.

पासपोर्ट दाखव, म्हणशील. माझा पासपोर्ट कधीच संपलाय. आणि असता तरी दाखवला नसता. देशातल्या देशात भाचीच्या लग्नाला जायला मी पासपोर्ट दाखवू? दाखवणार नाही म्हणजे नाही. भर कमिटीत बोललोय मी. उद्या लिंडा विचारेल. आगगाडीचं गुडघ्यांना विचारलं. तीन दिवस बसायला ते नाही म्हणाले.

सावनीला मी समजावीन. त्या एका शब्दाचं म्हणशील, तर मी खरंच बोललो होतो, लते. खरं बोलल्याची माफी कशी मागायची?

दादा


अ‍ॅशबर्न
१० फेब्रुवारी २००८

ती. स्व. दादा,

तू सावनीला काय समजावलंस ते तिने मला सांगितलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "मामा इज बीइंग मामा," आणि हसली. मी तिची आई आहे. ते हसू मला कळतं.

एडिसनचा प्रसन्न तुझ्या जागी उभा राहायला तयार आहे. आपला मावसभाऊ, म्हणजे मामाच. त्याने तिथल्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात फेटासुद्धा बघून ठेवलाय. सावनीला सांगितलं तर म्हणाली, "प्रसन्नमामा इज स्वीट, बट ही इज नॉट मामा." यापुढे काय करायचं ते तुझं तू बघ. तुझ्या राज्याचा हक्क आहे.

माझं आणि तुझं भांडण बाजूला ठेव. माफी नको, काही नको. मी अट मागे घेतेय असं समजू नकोस, पण पोरीसाठी ये. तिला सायकल तू शिकवलीस. ती पडली तेव्हा माझ्याकडे न येता तुझ्याकडे पळाली होती, आणि मला त्याचा किती राग आला होता! तू मंडपात नसलास तर मी तुला कधी माफ करणार नाही. ही मात्र धमकी आहे.

लता


नॅशुआ
२ एप्रिल २००८

चि. लते,
अनेक, अनेक आशीर्वाद.

गंमत ऐक. आमच्या राज्याने वॉशिंग्टनला पत्र लिहिलं. काय लिहिलं? की आमच्या कायद्यानुसार आम्हाला रिअल आयडीत येता येत नाही आणि आम्ही येत नाही. मात्र आमची लायसन्सं आधीपासूनच नीट तपासून दिलेली असतात, एवढं कळवतो. मुदतवाढ मागितलीच नाही. तर वॉशिंग्टनने उत्तर दिलं: आपलं पत्र आम्ही मुदतवाढीचा अर्ज समजतो. मुदतवाढ मंजूर!

मी आणि उल्हास फोनवर इतके हसलो की तुझी वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. याने मागितलं नाही, त्याने मागितलं असं धरून दिलं, आणि दोघांची मान ताठ. माझं लायसन्स मेमध्ये चालणार. प्रसन्नला म्हणावं, फेटा त्याच्या स्वतःच्या मुलाच्या लग्नात बांध.

आता थोडं कळवायचं आहे. आधीच सांगतो, ही माफी नाही. नुसतं कळवतोय.

कळवतो की मी त्या दिवशी अर्धीच गोष्ट सांगितली होती. आणि ती खरी असली तरी माझी नव्हती. तुझी होती, आणि सावनीची होती. सायकलचं वाचल्यावर मी माझ्याकडचं कात्रण भिंतीवरून काढून ठेवलं.

कळवतो की परवा उल्हासला घेऊन पुन्हा कॉंकर्डला गेलो. ज्यांनी चष्मा काढून डोळे पुसले होते त्या बाईंना शोधून काढलं. म्हटलं, त्या गोष्टीचा उरलेला भाग सांगायचा राहिला. आणि डोरथीचं सांगितलं. तेरा संध्याकाळी, पिठलं-भात, सगळं. शाळेच्या कुलपाचं सांगितलं नाही. ते डोरथीचं आहे, तिला न विचारता सांगणं बरं नव्हे, एवढं आता शिकलोय. त्या म्हणाल्या, "पण तो कायदा तर केव्हाच झाला. आता याचा काय उपयोग?" म्हटलं, कायद्यासाठी नाही सांगितलं.

 बाईंनी आम्हाला कॉफी पाजली. आणि पिठल्याची कृती विचारून घेतली.

माझी केंद्राबद्दलची मतं आहेत तीच आहेत. आणि मी माफी मागितलेली नाही, हे लक्षात ठेव.

तुझा,
दादा


अ‍ॅशबर्न
८ एप्रिल २००८

ती. स्व. दादा,
साष्टांग नमस्कार.

तुझं २ तारखेचं पत्र मिळालं. ते दोनदा वाचलं, मग सावनीला फोनवर वाचून दाखवलं. तिने विचारलं, "मग मामाने सॉरी म्हटलं की नाही?" मी सांगितलं, नाही म्हटलं. म्हणून तर आपल्याला एवढं रडू येतंय.

तू माफी मागितलेली नाहीस याची नोंद घेतली आहे. मात्र तुझं पत्र मी माफीचा अर्ज समजते. अर्ज मंजूर. तुमच्या राज्याच्या मुदतवाढीला शेवटची तारीख असेल, हिला नाही.

सिॲटलला अजून गारठा असतो. जाड कोट घेऊन ये. वहिनीला म्हणावं, मेतकूट आण.

तुझी,
लता


अ‍ॅशबर्न
१ जून २००८

ती. स्व. दादा,
सा. न.

सुखरूप पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. विमानतळावरच्या माणसाने तुझ्या लायसन्सकडे नीट पाहिलंसुद्धा नाही, "हॅव अ गुड वन" म्हणून पुढे ढकललं, आणि तुझं तयार केलेलं भाषण वाया गेलं, हे वाचून वाईट वाटलं. परत येतानाही कुणी अडवलं नाही? काय हे सरकार!

घर रिकामं वाटतंय. अक्षता अजून माझ्या पर्सच्या तळाशी सापडतायत. गुरुजींनी "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" म्हटलं आणि तू दारात दिसलास, तेव्हा मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मुलीसाठी रडते. सावनी सांगत होती की तिनेच तुला धरून आणलं. तू म्हणतोस, तू तिला. मला दोन्ही पटतं. मंगलाष्टका चालू असताना तू तिच्या मागे उभा होतास, तिथे क्षणभर मला हेही उभे दिसले.

डोरथीने निरोप दिलाय: "टेल युअर ब्रदर ही इज राँग, अँड आय लाइक हिम." कॉफीच्या टेबलापाशी तासभर काय बोलत होतात ते ती सांगत नाही. शाळेचं तिने आपणहून सांगितलं, एवढंच म्हणाली. आणि तू मधे बोलला नाहीस म्हणे. हे मात्र मला खरं वाटत नाही.

आता शेवटचं. लग्नाच्या आदल्या दिवशी गजरे करताना वहिनीने मला एक गोष्ट सांगितली. जानेवारीत "दाखवणार नाही म्हणजे नाही" असं पत्र तू मला लिहिलंस, ते टाकायला तू तिला घेऊन पोस्टात गेलास. पत्र पेटीत टाकलंस. आणि मग बाहेर न पडता, त्याच पोस्टातल्या दुसऱ्या खिडकीवर जाऊन नव्या पासपोर्टचा अर्ज दिलास. फोटोला हसला नाहीस म्हणाली, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. लिंडाला कळू द्यायचं नाही, असं वहिनीकडून वचन घेतलंस. सिॲटलच्या विमानात तो पासपोर्ट तुझ्या कोटाच्या आतल्या खिशात होता.

म्हणजे वॉशिंग्टनने मुदतवाढ दिली नसती तरी तू येणारच होतास. मी प्रसन्नच्या फेट्याची धमकी दिली त्याच्याही आधीपासून.

हे मला कळलंय असं मी तुला कळवत नाही. तूही काही कबूल करायला जाऊ नकोस, दादा. केलंस तर ते पत्र मी टोमॅटोबद्दल आहे असं समजेन, आणि जपून ठेवेन.

तुझी,
लता